ओरिस्यानं विचारलं

ओरिस्या हॉलच्या मधून सरळ चालत गेली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी कोबीच्या रोलचा ट्रे धरून उभी होते. तो ट्रे नंतर मी कुठे ठेवला, मला आजही आठवत नाही.

जुन्या पंचांगाप्रमाणे येणाऱ्या नववर्षाचा नाच होता, जानेवारीच्या मध्यावरचा. आमच्या झोरिया गावच्या हॉलमध्ये पुरुष कोटांच्या खुंट्यांकडे उभे राहतात आणि बायका स्वयंपाकघराच्या बाजूला बसतात. मधली लाकडी जमीन ओलांडायची ती पुरुषांनी. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण ती जमीन बाईनं एकटीनं ओलांडलेली माझ्या आईनंही कधी पाहिली नव्हती.

ओरिस्यानं ओलांडली. अंगात निळा ड्रेस आणि पायांत शाळेची बस चालवताना घालायचे ते जाडजूड बूट, कारण नाचाचे बूट ती घरी विसरून आली होती. नेस्टरच्या पुढ्यात जाऊन ती म्हणाली, "नेस्टर, नाचतोस का माझ्याबरोबर?"

व्हायोलिन चालू राहिलं. नेस्टरच्या हातात कॉफीचा कप होता. त्याला तो कुठे ठेवावा सुचेना. शेवटी शेजारच्या माणसानं हातातून काढून घेतला.

"आत्ता?" नेस्टर म्हणाला.

"नाहीतर काय, ईस्टरला?"

तो नाचला. वाईटही नाचला नाही. एकदा पाय चुकला तेव्हा ओरिस्या हसली आणि तोही हसला. नेस्टरला दात आहेत हे त्या दिवशी पुष्कळांना कळलं.

ओरिस्या माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी आणि माझा नवरा स्टॅन पोस्टासमोर कॅफे चालवतो, त्यामुळे गावातलं सगळं आधी माझ्या कानावर येतं आणि मग बाकीच्यांच्या. पण तिचं मात्र मला तिच्याच तोंडून कळायचं. चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. तरुण होती तेव्हा वडिलांना अर्धांगवायू झाला आणि भाऊ रोमान शेत घेऊन मोकळा झाला. वडिलांचं सगळं ओरिस्याकडे आलं. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, बिचारीचं वय निघून गेलं. ती म्हणाली, "वय कुठे जातं? माझ्याबरोबरच तर फिरतंय."

नेस्टर नगरपालिकेच्या गॅरेजात मेकॅनिक. बर्फ ढकलणारी गाडी, आगीचा बंब आणि ओरिस्याची पिवळी बस, सगळं त्याच्याकडे. थंडीच्या दिवसांत ती पोचायच्या आत तो बस सुरू करून ठेवायचा. आरशावरचं बर्फ खरवडून, पुसून ठेवायचा. सीटवर लोकरीची घोंगडी टाकायचा, म्हणजे बसताना गार लागू नये. बोलायचा मात्र काही नाही. "ब्रेक बघितले," एवढंच.

दोन हिवाळे असेच गेले. मी म्हणायचे, "थांब गं. लाजाळू आहे, विचारेल कधीतरी."

"हाल्या, मी वाट बघते ती शाळेच्या पोरांची," ती म्हणाली. "ती निदान येतात तरी."

आणि मग तो नाच झाला.

त्यानंतर तिनं त्याला बर्फाखालचे मासे धरायला नेलं. मग शहरात चिनी हॉटेलात जेवायला. मग सिनेमाला. दर वेळी तिनंच विचारलं आणि दर वेळी तो आला. परत आला की त्याच्या चेहऱ्यावर असं काही असायचं, जसं काही कुणी खिडकी पुसली आहे. उन्हाळ्यात दोघं तळ्याच्या काठी बाकावर बसलेले दिसायचे. तो बोलायचा आणि ती ऐकायची. नेस्टर बोलतोय, ही बातमी कॅफेत दोन दिवस पुरली.

पण को-ऑपच्या दुकानात सकाळी कॉफीला जमणाऱ्या पुरुषांना नवं खेळणं मिळालं होतं. नेस्टर खिळे घ्यायला गेला की कुणीतरी म्हणायचं, "काय नेस्टर, मालकिणीनं सोडलं का आज?" दुसरा म्हणायचा, "खिळे कुठल्या मापाचे घ्यायचे ते विचारून आलास ना रे?" सगळे हसायचे. नेस्टर खिळे न घेताच परत यायचा. ओरिस्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "चाळीस-पन्नास वर्षांचे घोडे. बायकांनी वाढल्याशिवाय जेवता येत नाही आणि हसतात दुसऱ्याला."

रोमानही तिच्या दारात आला. मी तेव्हा तिथंच मटार सोलत होते. त्यानं टोपीसुद्धा काढली नाही.

"ओरिस्या, लोक हसतायत."

"हसू दे. हिवाळा मोठा आहे, करमणूक लागते."

"बाईमाणसानं असं मागे लागू नये."

"मी मागे नाही लागले. मी समोर जाऊन विचारलं. मागे लागतात ते वेगळे असतात. तुला माहीत आहेत, तुझेच मित्र आहेत."

रोमान मला म्हणाला, "हाल्या, तू तरी सांग हिला." मी त्याच्या हातात मटारांची टोपली दिली आणि म्हटलं, "रिकामा उभा आहेस तर सोल."

सप्टेंबरात गहू निघाला तेव्हा ओरिस्या कॅफेत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मी त्याला लग्नाचं विचारणार आहे. नीट, रीतीनं. ब्रेड घेऊन."

आमची जुनी रीत अशी की मुलगा दोन वडीलधारी माणसं घेऊन मुलीच्या घरी जातो. हातात ब्रेड असतो. मुलीकडच्यांनी ब्रेड कापला तर ठरलं. आणि नको असेल, तर मुलगी त्याच्या हातात भोपळा देते. भोपळा घेऊन परत जाताना अख्खं गाव बघतं. ही रीत आता फक्त आजीआजोबांच्या गोष्टींत उरली होती.

"हे मुलगे करतात गं," मी म्हटलं.

"विचारायला येणारा मुलगा असता तर मी घरात बसून वाटच बघितली असती. तो येत नाही, म्हणून मी जाते. दोन वडीलधारी माणसं पाहिजेत. एक तू."

"मी वडीलधारी?"

"तुझ्या गुडघ्यांकडे बघून कुणीही मानेल."

दुसरं माणूस पारास्का आजी. वय ऐंशीच्या पुढे, दोन नवरे पुरलेले, आणि दोघांबद्दल चांगलंच बोलायची. तिला सांगितल्यावर ती तडक उठली आणि भरतकामाचा रुमाल शोधायला लागली. म्हणाली, "माझ्या पहिल्या नवऱ्याला मीच बोलावलं होतं. कुंपणावरून. कुणाला सांगितलं नाही इतकंच."

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही तिघी माझ्या गाडीतून गेलो. ओरिस्याच्या मांडीवर ब्रेड, मागे पारास्का आजी हॅट घालून. रस्त्यात ओरिस्या एकदाच म्हणाली, "हळू चालव, ब्रेड हलतोय." ब्रेड हलत नव्हता.

नेस्टर आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहायचा. टेक्ला तिचं नाव. आई लवकर गेली तेव्हा टेक्लानं त्याला वाढवलं, शाळेत घातलं, अंगावरचे कपडे शिवले. चर्चच्या स्वयंपाकघराची प्रमुख तीच. गावातली अर्धी लग्नं तिच्या हातची जेवलेली, पण तिला स्वतःला कुणी कधी विचारायला गेलं नव्हतं.

टेक्लानं दार उघडलं. आधी ब्रेड पाहिला, मग रुमाल, मग आम्हाला. तिला लगेच कळलं. नेस्टर तिच्या मागे स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा होता, मोज्यांवर.

पारास्का आजीनं घसा साफ केला. "टेक्ला, आम्ही लांबून आलो आहोत. आमच्याकडे एक चांगली मुलगी आहे, आणि ऐकलंय की तुमच्याकडे..."

"तुम्ही चार गल्ल्या पलीकडून आलात," टेक्ला म्हणाली.

"टेक्लाताई," ओरिस्या म्हणाली, "मी नेस्टरला विचारायला आले आहे. तुमच्या घरात, तुमच्या समोर. चोरून नाही."

टेक्ला आमच्या मधूनच बाहेर पडली आणि बागेत गेली. आम्ही पायरीवर उभ्या. नेस्टर चौकटीत उभा. ओरिस्या त्याच्याकडे बघत होती आणि तो स्वतःच्या पायांकडे. त्याला बोलायला पुष्कळ वेळ मिळाला. टेक्लाला कमरेचा त्रास होता, ती सावकाश चालायची.

ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत भोपळा होता. लाल, पिकलेला, देठासकट. तिनं तो ओरिस्याच्या हातातल्या ब्रेडवरच ठेवला. ब्रेड मोडला.

"हे घे," टेक्ला म्हणाली. "रीत पाहिजे होती ना तुला?"

ओरिस्यानं भोपळ्याच्या वरून नेस्टरकडे पाहिलं. "नेस्टर?"

त्यानं मान वर केली नाही.

गाडीत बसल्यावर पारास्का आजीनं मागून हात पुढे करून भोपळा चाचपला. "चांगला जड आहे," ती म्हणाली. "टेक्लाला काहीही म्हणा, कंजूष नाही." आणि ओरिस्या हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी गाडी को-ऑपच्या मागे नेऊन थांबवली, तिचं रडून होईपर्यंत.

सोमवारी सकाळी गावाला सगळं माहीत होतं. कुणीतरी बसच्या बॉनेटवर एक छोटा भोपळा आणून ठेवला होता, त्यावर खडूनं हसरं तोंड काढून. ओरिस्यानं तो उचलला, आपल्या सीटच्या मागे पट्ट्यानं बांधला आणि पोरांना म्हणाली, "नवा विद्यार्थी आहे. याला त्रास द्यायचा नाही." पोरं हसली. पण पोरं हसायची ते वेगळं, आणि पोस्टात बायका तोंडाला हात लावून हसायच्या ते वेगळं.

रोमान पुन्हा आला. या वेळी तो ओरडला. "बापाचं नाव घालवलंस! माझ्या तोंडावर लोक भोपळा भोपळा करतात!"

"तुला डोरीननं नाही म्हटलं होतं," ओरिस्या शांतपणे म्हणाली. "आठवतं? मग लेसियानं. मग त्या गिरणीवाल्याच्या मुलीनं तर तुझ्या गाडीत बसायलाही नकार दिला. प्रत्येक वेळी तू पुढच्या शनिवारी केस विंचरून पुन्हा नाचायला गेलास. आई तुझा शर्ट इस्त्री करून द्यायची. कुणी म्हणालं का, रोमाननं बापाचं नाव घालवलं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

रोमाननं पुष्कळ विचार केला. "वेगळं म्हणजे वेगळं," तो म्हणाला आणि निघून गेला. ते दोघं त्यानंतर बरेच दिवस बोलले नाहीत.

पण तिला खरं जे हवं होतं ते अजून मिळालं नव्हतं. भोपळा टेक्लाचा होता. विचारलं होतं नेस्टरला. आठवडाभर ती बस घ्यायला यायच्या वेळी तो गॅरेजच्या मागच्या दारानं निघून जायचा. बस मात्र गरम केलेली, आरसा पुसलेला. शुक्रवारी ती लवकर गेली आणि मागच्या दारातच उभी राहिली. पुढचं मला तिनं सांगितलं तसं सांगते.

"नेस्टर, तुझ्या तोंडून ऐकायचंय. हो किंवा नाही. दोन्ही चालेल, पण तुझं पाहिजे."

तो हातातलं फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "मला तुझ्याबरोबर बरं वाटतं. इतकं बरं मला कधी वाटलं नाही."

"मग?"

"पण तू विचारतेस ना, तेव्हा मला वाटतं सगळे बघतायत. आणि सगळे बघत असतातच. मला वाटतं मी बाई आहे आणि तू..." त्यानं फडकं खाली टाकलं. "टेक्लाचं म्हणशील तर तिला मी समजावलं असतं. टेक्लाचं नाहीच आहे ते. मला हसलेलं सोसत नाही, ओरिस्या."

"मग तू विचार. मी आत जाते, परत बाहेर येते, तू विचार. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं करीन."

हे सांगताना ओरिस्याचा आवाज बदलला. एवढं तिनं केलं होतं. त्याच्यासाठी तेवढीही वाट तिनं मोकळी करून दिली होती.

तो म्हणाला, "आता विचारलं तरी लोक म्हणतील तिनंच सांगितलं."

"म्हणजे नाही."

"नाही," नेस्टर म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "आता मला कळलं. सोमवारपासून आरसा मी पुसत जाईन."

त्या संध्याकाळी ती माझ्या कॅफेच्या मागच्या खोलीत बसली होती. मी तिच्यासमोर सूप ठेवलं. तिनं खाल्लं नाही. मला वाटलं आता ती म्हणेल, तुम्ही सगळे सांगत होतात ते बरोबर होतं, विचारायला नको होतं. मी तसं काहीतरी पुटपुटलेही.

तिनं चमचा खाली ठेवला. "नाही हाल्या. दुखतंय. मरणाचं दुखतंय. पण विचारलं नसतं तर मी आणखी दहा वर्षं त्या पुसलेल्या आरशाकडे बघून स्वतःची समजूत घालत बसले असते. त्यानं नाही म्हटलं म्हणून माझं विचारणं चुकीचं नाही ठरत. पुरुषांना लाखदा नाही ऐकावं लागतं, मरतात का ते?"

"नाही," मी म्हटलं. "आजारी पडल्यासारखं करतात फक्त."

ती जरा हसली. मग म्हणाली, "ऑक्टोबरच्या जेवणाला मला कुठलं काम दिलंय?"

मला हेच सांगायचं नव्हतं. हंगाम संपला की चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या पंचक्रोशीचं जेवण असतं आणि मग नाच. ओरिस्या लहान मुलगी होती तेव्हापासून पिरोही, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, करायला असायची. या वर्षी टेक्लानं निरोप पाठवला होता की हात पुष्कळ आहेत, ओरिस्यानं विश्रांती घ्यावी.

"विश्रांती," ओरिस्या म्हणाली. "ठीक आहे."

जेवणाच्या दिवशी हॉल खच्चून भरला. लांब टेबलं, कागदी चादरी, टर्कीचा वास. फादर प्रार्थना संपवून बसतात न बसतात तोच दार उघडलं आणि ओरिस्या आत आली. तोच निळा ड्रेस. हातात तिच्या आईचं सगळ्यात मोठं पातेलं, जाड फडक्यांत धरलेलं. ती सरळ वाढायच्या टेबलाकडे गेली. टेक्ला तिथं डाव घेऊन उभी होती.

"काय आहे हे?" टेक्लानं विचारलं.

"भोपळ्याची कांजी. बाजरी, दूध, लोणी घालून," ओरिस्या म्हणाली. तिचा आवाज बस चालवणाऱ्या बाईचा आहे, शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. "तुमचाच भोपळा, टेक्लाताई. फार सुंदर निघाला. एकटीला संपेना, म्हटलं सगळ्यांना वाढावा. ज्यांना ज्यांना बघायचा होता त्यांना चाखायलाही मिळेल."

मग पारास्का आजी ताट घेऊन उठली, काठी टेकत टेबलापाशी आली. "मला दोन डाव. त्या भोपळ्याला गाडीत मीच सोबत केली होती."

कुणीतरी हसलं. हे हसणं पोस्टातलं नव्हतं. एक शेतकरी उठला, मग शाळेच्या शिक्षिका, मग बसमधली पोरं धावत आली. फादरनीही वाटी पुढे केली. रोमान खाली बघून टर्की कापत राहिला, पण त्याच्या बायकोनं जाऊन दोन वाट्या आणल्या आणि एक त्याच्यासमोर ठेवली.

शेवटी ओरिस्यानं एक वाटी भरून टेक्लासमोर धरली. टेक्लाचा चेहरा लाल झाला होता. तिनं ती वाटी घेतली. उभ्याउभ्याच एक चमचा खाल्ला, आणि तिच्या तोंडून शेवटी स्वयंपाकीण बोलली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"मग घाला," ओरिस्या म्हणाली आणि मिठाची बाटली पुढे सरकवली. टेक्लानं मीठ घातलं, ढवळलं, आणि उरलेली कांजी स्वतःच्या हातानं वाढायला लागली. त्या दोघी एकमेकींशी त्याहून जास्त काही कधी बोलल्या नाहीत.

मग टेबलं बाजूला झाली. वाद्यं लागली. व्हायोलिन, ड्रम, आणि तारांवर लाकडी काठ्या मारून वाजवायचं ते आमचं त्सिम्बली. त्सिम्बली वाजवायला शेजारच्या गावचा इल्को आला होता. विधुर, पन्नाशीचा, डोक्यावर केस कमी आणि मिशा भरघोस. वर्षानुवर्षं तो आमच्या नाचांना वाजवायचा. वाजवणाऱ्याकडे कोण बघतं?

पुरुष कोटांकडे गेले, बायका स्वयंपाकघराकडे. नेस्टर कोटांजवळच्या खिडकीत बसलेला, हातात कप. पहिली दोन गाणी झाली. मग ओरिस्या उठली आणि व्हायोलिनवाल्याला मोठ्यानं म्हणाली, "पुढचा वॉल्ट्झ बायकांचा. बायका विचारतील."

"आज तसं काही ठरलेलं नाही," तो म्हणाला.

"आता ठरलं."

व्हायोलिनवाल्यानं फादरकडे पाहिलं. फादरनी कांजी खाल्ली होती, त्यांना काही बोलता येईना.

ओरिस्या चालायला लागली. तीच जमीन. सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वळल्या, आणि सगळे पुढे खिडकीकडे बघायला लागले. मी नेस्टरला बघत होते. त्यानं कप खाली ठेवला. खरंच ठेवला, नीट, खिडकीच्या कट्ट्यावर. अर्धा उठला. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, आणि इथंही सांगत नाही.

ओरिस्या त्याच्याजवळून पुढे गेली. मान वळवली नाही, उगाच नाक वर केलं नाही. स्टेजच्या पायऱ्या चढून ती त्सिम्बलीसमोर उभी राहिली.

"इल्को, तू इतकी वर्षं सगळ्यांना नाचवतोस. तुझ्याबरोबर कोण नाचतं?"

इल्कोच्या काठ्या हवेतच राहिल्या. "मी? मला वाजवायचंय."

"व्हायोलिन आहे. एक वॉल्ट्झ तुझ्याशिवाय निभेल."

"माझा गुडघा दुखतो."

"मग हळू नाचू."

त्यानं व्हायोलिनवाल्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे, मग तिच्याकडे. "हळू नाचायला मला आवडतं," तो म्हणाला आणि काठ्या तारांवर ठेवल्या. ठेवताना तारा सगळ्या एकदम झणाणल्या.

ते दोघं खाली आले. काही क्षण मधल्या जमिनीवर तेवढेच होते. मग पारास्का आजीची काठी टकटक करत निघाली. ती थेट रोमानसमोर गेली. "चल रे. बहीण लाजत नाही, तर तू कशाला लाजतोस?" ऐंशीच्या बाईला नाही कसं म्हणणार? रोमान निमूट उठला. मग शिक्षिका उठल्या. मग रोमानच्या बायकोनं गॅरेजच्या साहेबाला उठवलं, नवरा दुसरीकडे गुंतलेला म्हणून. मी स्टॅनला ओढला. तो म्हणाला, "मला येत नाही." मी म्हटलं, "वीस वर्षं हेच ऐकतेय. चल." गाणं संपलं तेव्हा बायका मधेच उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, अजून एक. मग अजून एक.

नेस्टर कधी गेला कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढं तो तसाच राहिला, टेक्लाबरोबर. ओरिस्याशी कामापुरतं बोलायचा, तीही बोलायची. तिच्या मनात राग नव्हता. "त्यानं सरळ नाही म्हटलं," ती म्हणायची. "तेही सगळ्यांना जमत नाही."

इल्कोला तिनं दुसऱ्या आठवड्यात फोन करून कॅफेत बोलावलं. तो दाढी करून आला आणि तिच्यापेक्षा जास्त बोलला. हिवाळाभर बर्फातून गाडी हाकत यायचा. मला तो आवडायला वेळ लागला, कारण तो कॉफीत फार साखर घालायचा, पण आवडला.

लग्नाचं तिनं वसंतात विचारलं. रेल्वेच्या फाटकापाशी. दोघं त्याच्या ट्रकमध्ये होते आणि धान्याची लांबलचक मालगाडी आली. डबे संपेचनात. ओरिस्याला वाटलं, आता विचारावं. तिनं विचारलं. मालगाडीच्या खडखडाटात त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"काय?" तो ओरडला.

"माझ्याशी लग्न करशील का?"

"ब्रेकचं काय?"

तिनं श्वास घेतला आणि सगळा जोर लावून ओरडली, "इल्को, माझ्याशी लग्न करशील का?" तेवढ्यात शेवटचा डबा निघून गेला होता. तिचा आवाज त्या शांततेत असा गेला की मागच्या गाडीतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, "काय म्हणाला तो?"

इल्को म्हणाला, "हो म्हणाला."

जूनमध्ये लग्न झालं. रोमान आला, नव्या शर्टात, आणि बहिणीच्या गालाचा मुका घेतला. आधीचं काही बोलला नाही, तिनंही काढलं नाही. इल्को आपलं गाव सोडून ओरिस्याच्या घरी राहायला आला, कारण तिची बस इथं होती आणि त्सिम्बली कुठंही नेता येतं.

बाप्या बायकोच्या घरी राहायला आला म्हटल्यावर को-ऑपमधल्या पुरुषांची चंगळ झाली. पहिल्याच सोमवारी इल्को तिथं कॉफी घ्यायला गेला. स्टॅन तिथं होता, त्यानं मला घरी येऊन सांगितलं. एकानं विचारलं, "काय इल्को, लग्नाचंसुद्धा तिनंच विचारलं म्हणे?"

"तीनदा," इल्को म्हणाला आणि कपात तिसरा चमचा साखर घातली. "तिसऱ्यांदा तर ओरडून. तुम्हाला कुणी विचारलं नाही, त्याला मी काय करू?"